समुद्रदेवाचं बारसं

भायखळ्याला दोन उड्डाणपुलांच्या बेचक्यात एक पारशी गृहस्थ उंच लोखंडी खांबावर उभे आहेत. त्यांचं नाव शेठ कर्सेटजी माणेकजी. पण या नावाने पत्ता विचारलात तर कुणालाही सांगता यायचं नाही; ‘खडा पारशी’ म्हणालात की पोरंसोरंसुद्धा हात करून दाखवतील. त्यांच्या चिरंजीवांनी, माणेकजी कर्सेटजींनी, वडिलांच्या स्मरणार्थ हे स्मारक उभारलं. मुंबईत मुलींनी शिकावं म्हणून धडपडलेले माणेकजी ते हेच. मान वर करून शेटजींना पाहण्याच्या नादात पायथ्याशी बसलेल्या चौघींकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. त्या चार मत्स्यकन्या आहेत, कमरेपर्यंत बाई आणि खाली मासळी. जिथून समुद्र दिसतही नाही अशा नाक्यावर, एका पारशी शेटजींच्या पायाशी, या कुणाच्या कोण?

माहेर म्हणाल तर इंग्लंडातलं. खडा पारशी घडवणारा शिल्पकार जॉन बेल इंग्रज होता. त्या काळच्या युरोपी कारागिराला पाण्याशी नातं सांगणारं काही घडवायचं असलं की त्याचा हात आपोआप ग्रीक-रोमन पुराणांकडे वळायचा. मग मत्स्यकन्या यायच्या, शंख फुंकणारे मत्स्यपुरुष यायचे, आणि ऐपत असली तर त्यांचा दाढीवाला त्रिशूळधारी राजाही यायचा. त्या राजाला रोमन लोक नेपच्यून म्हणत. भायखळ्याला राजा आला नाही, नुसत्या दासी आल्या.

खरं तर आणखी एक रोमन बाई भायखळ्याला यायच्या होत्या. फुलांची देवता फ्लोरा हिचं कारंजं मुळात आपल्या राणीच्या बागेसाठी, तेव्हाच्या व्हिक्टोरिया गार्डन्ससाठी, योजलं होतं. मग बेत बदलला आणि १८६४ साली फ्लोराबाई फोर्टात, किल्ल्याचं चर्चगेट जिथे होतं त्या जागी, उभ्या राहिल्या. बागेची देवता बाग सोडून हपिसांच्या गर्दीत गेली, आणि समुद्राच्या पोरी भर नाक्यावर येऊन बसल्या. मुंबईत जागावाटप पहिल्यापासून असंच आहे.

तर, या चौघींच्या राजाची गोष्ट सांगायची आहे. तो सध्या कुठे आहे हे आधी पाहू.

सूर्य भायखळा स्टेशनात आहे असं धरा, आणि सूर्यापासून पृथ्वीपर्यंतचं अंतर, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर, एक किलोमीटर माना. या मापाने सूर्य नऊ मीटरचा गोळा होतो, चाळीतल्या दोन मजल्यांपेक्षा थोडा उंच. स्लो गाडीने निघालात तर पृथ्वी चिंचपोकळीच्या जरा अलीकडे लागेल, साडेआठ सेंटिमीटरची, मोठ्या मोसंब्याएवढी. चिंचपोकळी आणि करी रोडच्या मधे मंगळ. दादर सुटलं की गुरू. शनी शीव स्टेशनाच्या थोडं पुढे. त्यानंतर कुर्ला, विद्याविहार, घाटकोपर सगळं रिकामं, विक्रोळीला युरेनस. मग पुन्हा कांजूर, भांडुप, नाहूर, मुलुंड एकही ग्रह नाही, आणि थेट ठाण्याला, भायखळ्यापासून तीस किलोमीटरवर, नेपच्यून. व्यास ३३ सेंटिमीटर, फुटबॉलहून दीडपट. १८५३ साली हिंदुस्थानातली पहिली प्रवासी गाडी ज्या ठाण्यापर्यंत गेली, नेमकी तिथेच आपल्या सूर्यमालेतली आज ठाऊक असलेल्या ग्रहांची लाइन संपते. या मापात प्रकाश मात्र फार हळू चालतो. चिंचपोकळीच्या अलीकडे यायलाच त्याला सव्वाआठ मिनिटं लागतात आणि ठाण्याला पोचायला चार तासांच्या वर. तेवढ्यात स्लो लोकल ठाण्याला जाऊन परतसुद्धा येईल.

अठराव्या शतकापर्यंत माणसाची गाडी शीवच्या पुढे कधी गेलीच नव्हती. बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी हे नुसत्या डोळ्यांना दिसणारे पाच. त्यात सूर्य-चंद्र मिळवले की सात, आणि राहू-केतू धरून आपले नवग्रह पुरे. आर्यभटाचं गणित शनीवर थांबतं, आणि टॉलेमीचंही. आर्यभटाचं नाव निघालं आहे तर राणीच्या बागेच्या आवारातल्या संग्रहालयात क्षणभर डोकावून यायला हवं. १८७२ साली उघडलेलं हे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखलं जातं. भाऊ दाजी भायखळ्याच्याच ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. पण रोगी तपासून उरलेला वेळ हा माणूस शिलालेख आणि जुन्या पोथ्यांत घालवत असे. आर्यभटाचा मूळ ग्रंथ हरवला असंच तेव्हा बहुतेक पंडित समजत होते. भाऊ दाजींनी त्याच्या हस्तलिखिताचा माग काढला आणि १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य यांच्या काळाबद्दल निबंध लिहिला. आर्यभटाचा जन्म इ.स. ४७६ चा, हे आपण आज शाळेत सहज घोकतो, त्यामागे भायखळ्याच्या या डॉक्टरचे कष्ट आहेत. त्यांनी तो निबंध लिहिला तेव्हा माणसाची ही ग्रहांची गाडी ठाण्याला, म्हणजे नेपच्यूनला, पोचून एकोणीस वर्षं झाली होती.

मधलं विक्रोळी स्टेशन आधी आलं. १३ मार्च १७८१ च्या रात्री इंग्लंडात बाथ गावी विल्यम हर्शेल नावाच्या वादकाला घरी बनवलेल्या दुर्बिणीतून एक ठिपका ताऱ्यांहून वेगळा दिसला. पोटापाण्यासाठी ऑर्गन वाजवणारा हा जर्मन गृहस्थ एका रात्रीत इतिहासातला पहिला ग्रहशोधक ठरला. त्याने नव्या ग्रहाला राजा तिसऱ्या जॉर्जचं नाव दिलं. ते इंग्लंडाबाहेर कोण ऐकणार? फ्रेंचांमधून सूचना आली की ग्रहाला शोधणाऱ्याचंच नाव द्या, हर्शेल म्हणा. बर्लिनच्या बोडे यांनी तिसरा तोडगा काढला. मंगळानंतर गुरू, म्हणजे रोमनांचा ज्युपिटर. त्यापुढे शनी, म्हणजे ज्युपिटरचा बाप सॅटर्न. मग त्यापुढे सॅटर्नचा बाप असू द्या, युरेनस. वंशावळ नीट लागली. फक्त युरेनस हे नाव ग्रीक होतं, बाकी सगळे रोमन. रोमनांत त्या आकाशदेवाला कीलस म्हणत. पंक्तीत एक ग्रीक पाहुणा बसला तो आजही तिथेच आहे.

या तिरंगी भांडणाचा एक अवशेष जगात जवळजवळ कुठे उरला नाही, तो मराठीत उरला आहे. आपण युरेनसला ‘हर्षल’ म्हणतो. हिंदीत तो अरुण झाला, संस्कृतनिष्ठ पुस्तकांत प्रजापती झाला; पण मराठी पंचांग आणि मराठी ज्योतिषी हर्षललाच धरून आहेत. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी-फ्रेंच पुस्तकांतून आलेलं ‘हर्शेल’ आपल्या जिभेवर इतकं मऊ झालं की ते परकं आहे याचाच विसर पडला. नव्या बाळाचं नाव हर्षल ठेवणाऱ्या आईबापांच्या मनात हर्ष असतो, बाथचा ऑर्गनवादक नसतो. पण पत्रिकेत शनीपलीकडे जो ‘ह’ लिहिलेला असतो तो त्याचाच.

आता ठाणे. युरेनस सापडला खरा, पण तो वेळापत्रकाप्रमाणे चालेना. कधी गणितापेक्षा पुढे, कधी मागे. न्यूटनचा नियम खोटा म्हणायची तर कुणाची छाती नव्हती. तेव्हा पलीकडे कुणीतरी अदृश्य भिडू त्याला ओढत असणार. हा भिडू कुठे असेल ते गणिताने काढायचं काम दोघांनी एकमेकांना न कळत हाती घेतलं, केंब्रिजचा तरुण जॉन कूच अ‍ॅडम्स आणि पॅरिसचा उर्बैं ल व्हेरिए. दुर्बिणीला डोळा न लावता, नुसत्या कागदावर ग्रह शोधायचा. आकाशात बोट दाखवून ‘इथे बघा’ म्हणायचं, आणि तिथे तो असायला हवा.

ल व्हेरिएचं ऐकायला फ्रान्समध्ये कुणी दुर्बीण फिरवेना. शेवटी त्याने बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाले यांना पत्र घातलं. ते २३ सप्टेंबर १८४६ ला पोचलं. त्या दिवशी वेधशाळेचे प्रमुख एंके यांचा पंचावन्नावा वाढदिवस होता. त्यांनी परवानगी दिली आणि स्वतः घरी गेले. गाले आणि द’आरे नावाचा एक विद्यार्थी दुर्बिणीपाशी थांबले. द’आरेने सुचवलं, नुकताच छापलेला ताऱ्यांचा नकाशा काढू आणि आकाशाशी ताडून पाहू. गाले दुर्बिणीतून एकेक तारा सांगत होते, द’आरे नकाशावर खूण करत होता. फार वेळ लागला नाही. एक तारा सांगितला आणि तो नकाशात सापडेना. ल व्हेरिएने दाखवलेल्या जागेपासून तो एक अंशाहूनही कमी अंतरावर होता.

या बर्लिनच्या वेधशाळेचं भायखळ्याशी एक भलतंच नातं आहे. प्रशियाच्या राजाचं मन वळवून ती उभी करवण्यात अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट या थोर प्रवासी शास्त्रज्ञाचा वाटा होता. आणि राणीच्या बागेत काचेमागे ज्यांना बघायला रविवारी रांग लागते ते पेंग्विन जातीने हम्बोल्ट पेंग्विन. त्याच हम्बोल्टच्या नावाचे. कारण दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याने वाहणाऱ्या ज्या थंड प्रवाहाला त्याचं नाव आहे, तिथले हे रहिवासी. त्यांच्यापुढे उभं राहून अंटार्क्टिकाच्या गोष्टी सांगणाऱ्या आईबापांची हौस मोडावीशी वाटत नाही, म्हणून हे इथे हळूच सांगितलं.

ग्रह सापडल्याची बातमी मुंबईला यायची ती इजिप्तमार्गे डाकेच्या बोटीने. ती ज्यांनी सगळ्यात आधी मराठीत आणली असती ते बाळशास्त्री जांभेकर त्याच वर्षी मे महिन्यात वारले होते. ‘दर्पण’कार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण कुलाब्याच्या वेधशाळेचं काम पाहणारे आणि ‘दिग्दर्शन’ मासिकातून विज्ञान मराठीत आणणारेही तेच. चार महिन्यांनी हुकलं. त्याच वेधशाळेत तयार झालेल्या केरो लक्ष्मण छत्र्यांनी पुढे १८६० साली युरोपी गणितावर आधारलेली ग्रहसाधनाची कोष्टकं मराठीत छापली, आणि पंचांगातला ग्रह आकाशात दिसायला हवा ही मागणी महाराष्ट्रात जोर धरू लागली.

ग्रह सापडला, आता बारसं. मराठीत ‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे, आणि पुढचे तीन महिने युरोपातल्या खगोलशास्त्र्यांनी ते पार मिटवून टाकलं. गाले म्हणाले जानस ठेवा, दारांचा राखणदार, दोन तोंडांचा रोमन देव. सूर्यमालेच्या उंबरठ्यावरचा म्हणून. केंब्रिजचे चॅलिस म्हणाले ओशनस. या चॅलिससाहेबांनी ऑगस्टमध्ये दोन वेळा हा ग्रह दुर्बिणीतून पाहिला होता आणि ओळखला नव्हता, तरी नाव सुचवायला पुढे. ल व्हेरिएने आधी स्वतःच नेपच्यून हे नाव आणि त्रिशूळाची खूण कळवली, आणि फ्रेंच सरकारी मंडळाने ती मान्य केल्याचं ठोकून दिलं. मंडळाने असं काही केलं नव्हतं. मग त्याचं मन फिरलं. ग्रहाला आपलंच नाव असावं असं त्याला वाटू लागलं, आणि आरागो या वजनदार पुढाऱ्याने त्याची बाजू उचलली.

यातली चलाखी पाहण्याजोगी आहे. एकाच ग्रहाला माणसाचं नाव देणं विचित्र दिसलं असतं. तेव्हा युरेनसला पुन्हा हर्शेल म्हणायला सुरुवात करायची, म्हणजे पुढच्याला ल व्हेरिए म्हणणं सरळ होईल. फ्रान्सबाहेर हे कुणाला रुचलं नाही. इंग्रज तर अ‍ॅडम्सचं श्रेय बुडतंय म्हणून आधीच चिडलेले. डिसेंबर १८४६ च्या अखेरीस रशियात सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत स्ट्रूव्ह यांनी नेपच्यूनच्या बाजूने कौल दिला आणि बाकीच्यांनी मान हलवली. आता मराठी पत्रिकेकडे पुन्हा बघा. ‘ह’ आणि ‘ने’. आरागोच्या डावातला अर्धा भाग आपण ठेवून घेतला आणि अर्धा सोडून दिला. एक ग्रह माणसाच्या नावाचा आणि त्याच्या शेजारी रोमन देव, हा संसार दीडशे वर्षं आपल्याकडे बिनतक्रार चालला आहे. डाव पुरा यशस्वी झाला असता तर आमच्या आज्यांना साडेसातीच्या जोडीने ल व्हेरिएची वक्रदृष्टीही उच्चारावी लागली असती.

आता हा नेपच्यून कोण? बोडेच्या वंशावळीत त्याची जागा नाही. आजोबाच्या पुढे नातू कसा? पण बापाचं राज्य वाटून घेणाऱ्या तीन भावांची एक कथा आहे. चिठ्ठ्या टाकल्या: आकाश ज्युपिटरला, समुद्र नेपच्यूनला, पाताळ प्लुटोला. ही कथा मुळात ग्रीकांची. तिथे समुद्राचा धनी पोसायडन. वादळं त्याची, भूकंप त्याचे, आणि का कोण जाणे, घोडेही त्याचे. रोमनांनी ग्रीकांच्या देवांशी आपले देव जुळवले तेव्हा पोसायडनच्या जोडीला नेपच्यून उभा केला.

पण त्याआधीचा, अस्सल रोमन नेपच्यून निराळाच होता. सुरुवातीचे रोमन शेतकरी, समुद्राशी त्यांचं कसलं देणंघेणं? त्यांचा नेपच्यून गोड्या पाण्याचा, झऱ्या-ओढ्यांचा देव. त्याचा सण, नेपच्यूनालिया, २३ जुलैला यायचा. इटलीत तो कडक उन्हाळा. ओढे आटलेले, पिकं तहानलेली. लोक गावाबाहेर फांद्या-पाल्यांचे मांडव घालत आणि त्या सावलीत बसून खातपीत. म्हणजे ज्याला आपण खवळलेल्या दर्याचा राजा समजतो त्याची पूजा एके काळी विहीर आटू नये म्हणून होत होती. रोमचं आरमार मोठं झालं, तसा देवही खाऱ्या पाण्यात उतरला. त्याच्या बायकोचं नाव सालाशिया. लॅटिनमध्ये साल म्हणजे मीठ. आपल्याकडे असती तर मिठाबाई झाली असती.

आपल्या वरुणाचं चरित्र याला विलक्षण समांतर जातं. हिंदीने नेपच्यूनला वरुण म्हटलं, मराठी पाठ्यपुस्तकांतही कुठे कुठे ते नाव डोकावतं. पण ऋग्वेदातला वरुण नुसता पाण्याचा देव नाही. तो आकाशातला सम्राट आहे. ऋत म्हणजे विश्वाचा कायदा सांभाळणारा, सूर्याला वाट आखून देणारा, हेर नेमून माणसांची पापं टिपणारा आणि पाशाने बांधणारा. पुराणांपर्यंत येता येता इंद्र-विष्णू-शिव मोठे झाले आणि वरुणाकडे उरलं पाणी आणि पश्चिम दिशा. दोघांचीही बदली अखेर समुद्रावरच झाली. नेपच्यून झऱ्यावरून गेला, वरुण आकाशावरून. मुंबईपुरती ही नेमणूक चपखल बसते, कारण आपला मोठा समुद्र पश्चिमेलाच आहे. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यातून निघालेला नारळ त्यालाच जातो. रोमन लोक ऐन उन्हाळ्यात पाणी दे म्हणून मांडव घालत. आपले कोळी पावसाळा उतरणीला लागल्यावर, पुरे झालं, आता शांत हो म्हणून नारळ वाहतात. शेतकऱ्याचा देव आणि नाखव्याचा देव यांतला हा फरक.

गंमत अशी की गेल्या शतकातल्या काही युरोपी पंडितांना वरुणाचा जुळा भाऊ म्हणून दिसत होता तो युरेनस! ग्रीक ‘ऊरानोस’ आणि ‘वरुण’ हे एकाच धातूचे, असं त्यांचं म्हणणं. दोघेही मुळात आकाशदेव. शब्दांची ही जोडणी आज भाषाशास्त्रज्ञ मानत नाहीत. मानली असती तर हिंदीच्या पुस्तकांत ग्रहांची अदलाबदल करावी लागली असती. त्यात २००० साली नेपच्यूनच्याही पलीकडे एक बर्फाळ पिंड सापडला आणि त्याला रीतसर नाव दिलं गेलं ‘वरुण’. तेव्हा आकाशात आता खराखुरा वरुण वेगळा आहे आणि हिंदी वरुण वेगळा. तिकडेच २००४ साली मिठाबाई, म्हणजे सालाशियाही, सापडली. चिनी-जपानी लोकांनी ही कटकट ठेवलीच नाही. ते नेपच्यूनला सरळ ‘समुद्रराजाचा तारा’ म्हणतात. ग्रीसमध्ये तो अर्थातच पोसायडन.

नावाला ग्रह जागतो का? थोडा जागतो. सूर्यमालेत गुरू आणि शनी हे प्रामुख्याने हायड्रोजन-हेलियमचे गोळे. युरेनस आणि नेपच्यूनच्या पोटात मात्र पाणी, अमोनिया आणि मिथेन यांचा फार मोठा साठा आहे. शास्त्रज्ञ त्यांना ‘बर्फाळ महाग्रह’ म्हणतात, पण आतलं हे पाणी कुल्फीसारखं गोठलेलं नाही. हजारो अंश तापलेला, प्रचंड दाबाखालचा दाट रस आहे तो. बर्लिनमध्ये किंवा पीटर्सबर्गमध्ये हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नावाने अंधारात मारलेला खडा पाण्यात पडला.

निळा रंग मात्र नावाच्या बाजूने जरा जास्तच वाजवला गेला. व्हॉयेजर–२ हे यान २५ ऑगस्ट १९८९ ला नेपच्यूनजवळून गेलं. आजवर तिथे गेलेलं ते एकमेव यान. त्याने पाठवलेल्या चित्रांतला गर्द समुद्री निळा आपल्या डोक्यात पक्का बसला आहे. ढगांच्या रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्या चित्रांचा रंग मुद्दाम गडद केला होता; शास्त्रज्ञांनी ते लपवलं नव्हतं, पण चित्रं फिरत राहिली आणि खुलासा मागे राहिला. २०२४ साली ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन यांनी व सहकाऱ्यांनी हिशेब पुन्हा मांडला. नेपच्यून युरेनससारखाच फिकट हिरवट-निळा आहे, किंचित जास्त निळा इतकंच. मिथेन वायू तांबडा प्रकाश गिळतो, म्हणून ही छटा.

वारे मात्र पोसायडनला शोभतील असे. तासाला दोन हजार किलोमीटर. आपल्याकडचं सगळ्यात भयंकर चक्रीवादळ त्यापुढे हातपंखा. सूर्यापासून इतक्या लांब, जिथे ऊन पृथ्वीवरच्या नऊशेव्या हिश्शाइतकंच पोचतं, तिथे एवढी वादळं चालवायला बळ कुठून येतं? नेपच्यून सूर्याकडून जितकी ऊर्जा घेतो त्याच्या अडीच पटीहून जास्त बाहेर टाकतो. पोटातली जुनी धग अजून शिल्लक आहे. सूर्याभोवती एक फेरी पुरी करायला त्याला जवळपास १६५ वर्षं लागतात. सापडल्यापासूनची पहिली फेरी २०११ साली झाली. तिथला एकेक ऋतू चाळीस वर्षांचा. नेपच्यूनालियाचा मांडव घातला तर तो मुलाच्या लग्नालाही वापरता येईल.

आणि उपग्रह? ग्रह सापडल्यावर सतरा दिवसांतच इंग्लंडात विल्यम लासेल यांना पहिला दिसला. लासेल दारू गाळण्याच्या धंद्यातले. त्या कमाईतून त्यांनी दुर्बिणी बांधल्या. या उपग्रहाला ट्रायटन हे नाव १८८० मध्ये फ्रेंच लेखक-शास्त्रज्ञ कामिय फ्लामारियाँ यांनी सुचवलं. ट्रायटन पोसायडनचा मुलगा. वर पुरुष, खाली मासा, हातात शंख. खडा पारशीच्या पायाशी बसलेल्या चौघींचंच गणगोत. उणे २३५ अंशांच्या थंडीत तो नेपच्यूनभोवती उलट्या दिशेने फिरतो. एवढा मोठा उपग्रह आणि उलटा, असं उदाहरण दुसरं नाही. यावरून तो तिथे जन्मलेला नसावा, दुरून येत असताना पकडला गेला असावा, असं मानतात. नेपच्यूनचे नाव मिळालेले सगळेच उपग्रह ग्रीक जलदेवता आणि त्यांचे सोयरे आहेत. म्हणजे बाप रोमन, घरचं गोकुळ ग्रीक.

फ्लामारियाँनी स्थापन केलेल्या फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या नियतकालिकात १९११ साली एक मराठी नाव छापलं गेलं, व्यंकटेश बापूजी केतकर. ‘ज्योतिर्गणित’कार केतकर, ज्यांच्या गणितावर ‘केतकी’ पंचांगं चालतात ते. पेशाने शिक्षक. मोठी वेधशाळा हाताशी नाही. हाताशी होती कोष्टकं. गुरूच्या मोठ्या उपग्रहांपैकी आतल्या तिघांच्या फेऱ्यांत जसा एकास दोन, दोनास चार असा ताल आहे, तसा युरेनस-नेपच्यूनच्या पलीकडेही असावा असं त्यांनी धरलं आणि आणखी दोन ग्रह वर्तवले. बारसंही स्वतःच उरकलं. पहिला ब्रह्मा, दुसरा विष्णू. ब्रह्माचं अंतर त्यांनी काढलं ३८.९५, म्हणजे आपल्या गाडीने भायखळ्यापासून ३९ किलोमीटर, ठाणं ओलांडून दिवा स्टेशनच्या आसपास. फेरीचा काळ २४२ वर्षं.

एकोणीस वर्षांनी, फेब्रुवारी १९३० मध्ये, अमेरिकेत प्लुटो सापडला. अंतर साडेएकोणचाळीस, फेरी २४८ वर्षं. केतकर त्याच वर्षी वारले. त्यांनी ग्रह आकाशात नेमका कुठे दिसेल ते सांगितलं नव्हतं. तेव्हा ल व्हेरिएच्या पंक्तीला त्यांना बसवता येत नाही. पण पलीकडच्या ग्रहाचं पाऊल नेपच्यूनच्या तालावर पडत असणार हा त्यांचा अंदाज प्लुटोला लागू पडला; नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत प्लुटोच्या दोन होतात. प्लुटो हे नाव सुचवलं ते ऑक्सफर्डच्या व्हेनेशिया बर्नी या अकरा वर्षांच्या मुलीने. चिठ्ठी टाकून राज्य वाटून घेतलेल्या भावांपैकी तिसराही आकाशात आला. २००६ मध्ये त्याचं ग्रहपद काढून घेतलं गेलं, आणि ठाणं पुन्हा शेवटचं स्टेशन झालं.

केतकरांचा दुसरा ग्रह आजवर सापडलेला नाही. उद्या सापडलाच तर त्याला त्यांनी ठेवलेलं नाव देणं कठीण जाईल, कारण आकाशात एक नाव दोघांना सहसा देत नाहीत आणि ते आधीच वापरलं गेलं आहे. १९८६ साली सापडलेल्या एका लघुग्रहाला, क्रमांक ४०३४, विष्णू हे नाव आहे. जेमतेम एका किलोमीटरच्या आतला धोंडा तो. ठाण्याच्या कितीतरी पलीकडे शोधलेला विष्णू सध्या चिंचपोकळीच्या अलीकडे-पलीकडे घिरट्या घालतो आहे.